जागा सोडणारा ठिपका

सांगलीत ज्या काकांच्या माडीवर मी चार वर्षं भाड्यानं राहिले, त्यांच्याइतक्या निष्ठेनं आकाशाचं काम करणारा माणूस मला दुसरा भेटलेला नाही. आणि या माणसानं उभ्या आयुष्यात रात्रीचं आकाश धड पाहिलेलं नव्हतं. सूर्य मावळायच्या आत जेवण, मग बस्तीत आरती (आमच्या भागात जैन मंदिराला बस्ती म्हणतात) आणि साडेआठला घरातले दिवे बंद. दिवा लावला की किडे येतात, किडे आले की मरतात, आणि ते पाप दिवा लावणाऱ्याच्या माथी. काकू बिचाऱ्या अंधारात चाचपडत दुधावर झाकण ठेवायच्या.

मी मूळची कोरेगावची. वडील फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले, शेतात ऊस आणि रविवारी मटण. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं, पुढं संशोधन करायचं म्हणून पुण्यात दोन वर्षं घासली, ते काही जमलं नाही. शेवटी सांगलीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. वडील फोनवर बँकेच्या परीक्षेचं विचारायचे आणि मी रेंज नसल्याचं सांगायची. आता साताऱ्यात कायमची नोकरी आहे म्हणून हे हसत सांगता येतं, तेव्हा येत नव्हतं.

खोली बघायला गेले तेव्हा काका पायरीवर बसून, परातीत ज्वारी पसरून तिच्याकडं टक लावून बघत होते. निवडत नव्हते, नुसते बघत होते. मी पाच मिनिटं उभी. शेवटी मान वर न करता म्हणाले, "कुटल्या?"

"कोरेगाव."

"म्हंजे खाणाऱ्या."

"हो."

"घरात अंडंसुद्धा आणायचं न्हाई. भाईर काय खाता ते आमाला सांगायचं न्हाई. जमतंय का बगा."

मला जमलं. पहिल्या महिन्यात मात्र मी एक आगाऊपणा केला. म्हटलं, "काका, कांदा-बटाटा जमिनीखालचा म्हणून तुम्ही खात नाही. मग हळद कशी चालते? तीही जमिनीखालचीच."

"वाळली की चालती," काका म्हणाले. मग जरा थांबून, "आन् न चालून भागंल व्हय? चाळीस वर्सं तिच्यावरच जगलो की."

चाळीस वर्षं ते हळदीच्या एका अडत दुकानात माल बघायच्या कामावर होते. पोतं उघडलं की मूठभर हळकुंडं उचलायची, त्यातलं एक मोडायचं आणि मोडल्याचा आवाज ऐकायचा. नीट वाळलेलं हळकुंड खणकन मोडतं, ओलं मुकाट्यानं मोडतं. उरलेली पसरून कीड आहे का ते बघायचं. कीड दिसली की काका मान हलवायचे आणि ते पोतं बाजूला जायचं. रिटायर झाल्यावरही व्यापारी नमुने घेऊन घरी यायचे, त्यामुळं त्यांची बोटं कायम पिवळी असत.

घरातलं धान्य निवडायचं कामही त्यांच्याकडंच होतं. काकूंच्या हातात घाई आहे, असं त्यांचं म्हणणं. परातीत धान्य पसरायचं, हात मागं घ्यायचा आणि गप्प बसायचं. आपण हललो की किडा हलत नाही. आपण धीर धरला की त्याचा धीर सुटतो. "गप बसतंय ते धान्य. जागा सोडतोय त्यो जीव," हे त्यांचं शास्त्र. सापडलेला जीव कागदाच्या कोपऱ्यावर घेऊन मागच्या भिंतीच्या सावलीत सोडायचा. आणि नुसता संशय आला, म्हणजे हललं की काय असं वाटलं, तरी तो दाणा कागदावर घेऊन सावलीत. शंका आली की जीव समजायचं. मागच्या भिंतीपाशी त्यामुळं दर पावसाळ्यात फुकटची ज्वारी उगवायची.

त्या वर्षी कॉलेजच्या विज्ञान मंडळाचं एक काम माझ्या गळ्यात आलं. परदेशात एका डोंगरावर मोठी दुर्बीण आहे. ती एखाद्या ताऱ्याकडं बघत बसत नाही. आकाशाचे मोठाले तुकडे पाडून रात्रभर त्यांचे फोटो काढत सुटते, आणि थोड्या थोड्या वेळानं परत त्याच तुकड्यावर येते. असे एका तुकड्याचे चार फोटो. तारे चारही फोटोंत जागच्या जागी असतात. पण सूर्याभोवती फिरणारे दगड, म्हणजे लघुग्रह, तेवढ्या वेळात किंचित सरकलेले असतात. यंत्राला बरेचसे सापडतात, काही फिके निसटतात. म्हणून हे फोटो ठिकठिकाणच्या शाळा-कॉलेजांना वाटले जातात. चार फोटो एकामागून एक फिरवायचे, जागा सोडणारा ठिपका शोधायचा, मोजमाप करायचं आणि ठरलेल्या मुदतीत कळवायचं. पोरांनी पहिल्या आठवड्यात हौसेनं नावं दिली आणि दुसऱ्या आठवड्यात परीक्षेचं कारण सांगून काढून घेतली. गटात मी एकटी उरले.

एका दुपारी काका नळ गळतोय म्हणून पाना घेऊन वर आले. मी लॅपटॉपसमोर अर्ध्या तासापासून डोळे फोडत बसले होते. फिके ठिपके सोपे जावेत म्हणून हे फोटो उलटे दाखवतात, आकाश पांढरं आणि तारे काळे. काका मागं येऊन उभे राहिले.

"रव्यात एवढं किडं?"

"किडे नाहीत काका. तारे आहेत."

"काळं?"

मी सगळं समजावून सांगितलं. मला वाटलं कंटाळतील. त्यांनी पाना खाली ठेवला. "परत फिरीव," म्हणाले. मी चार फोटो फिरवले. "परत." फिरवले. "आता जरा गप बस." मी गप्पच होते. मग एक पिवळं बोट माझ्या स्क्रीनवर टेकलं. "ह्यो बग. मोठ्याच्या खाली, डाव्या अंगाला. जागा सोडतोय."

खरंच सोडत होता. एका रेषेत, एका चालीनं, चार पावलं. यादीत बघितलं तर तो आधीच कुणीतरी शोधलेला निघाला, पण काकांना त्याचं काही वाटलं नाही. "वळकीचा असंना, हाय ना?" असं म्हणून ते खाली गेले. नळ पुढं दोन महिने गळत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझे तास संपवून मी आले तर काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून जिन्यात बसलेले. तेव्हापासून रोजचं ठरून गेलं, साडेअकरा ते एक. माउसला ते हात लावत नसत. "तुजा हात, माजा डोळा." बसायच्या आधी पंखा बंद करायला लावायचे.

"पंखा कशाला काका?"

"वाऱ्यानं माल हलतोय."

"आवं, हा स्क्रीन आहे!"

"असूं दे की. सवय हाय."

एप्रिलात, सांगलीच्या उन्हाळ्यात, पंखा बंद करून मी लघुग्रह शोधले आहेत. काकूंना वाटायचं या पोरीचं डोकं फिरलंय आणि हिनं आमच्या माणसाचंही फिरवलं. काका मला 'मॅडम' म्हणायचे आणि त्याच दमात 'अगं' सुद्धा. "अगं मॅडम, घाई करतीस तू. तुजं आन् काकूचं एकच." कधी मी चिडवायची, "काका, आकाश बघायचं तर रात्री बघावं. दिवसा कसलं बघता?" त्यावर त्यांचं उत्तर तयार असे. तिकडच्या माणसानं रात्री डोळा उघडा ठेवलाय, आपण इकडं दिवसा बघायचं, दोघांचीही झोप सांभाळली जाते. हे मला अजूनही खोडून काढता आलेलं नाही.

एकदा मी त्यांना खरं आकाश दाखवायचा घाट घातला. जतकडं माळावर दिव्यांचा उजेड कमी, म्हणून कॉलेजची सहल तिकडं काढली होती. काका हौसेनं जीपमध्ये बसले. साडेपाचला डबा खाल्ला, एका मेंढपाळाशी कानडीत गप्पा मारल्या, मेंढ्यांना यंदा पाणी कुठून आणता ते विचारलं, आणि पोरं दुर्बीण मांडतायत तोवर जीपच्या मागच्या सीटवर घोंगडं घेऊन झोपले. मी दोनदा उठवायला गेले. दुसऱ्यांदा म्हणाले, "तुमी बगा, आन् मला सकाळी सांगा." सकाळी चहाच्या वेळी मी सांगायला लागले, कसा आकाशगंगेचा पट्टा दिसला, किती तारे. ते ऐकत होते, पण मन दुसरीकडं होतं.

"मॅडम, एक इचारू? आपण जे धाडतोय त्यातलं एक तरी ठिवून घेतील का गं ते?"

"म्हणजे?"

"नवं. कुणी न बगितल्यालं. चाळीस वर्सं मला दुकानात एकच इचारलं, खराब काय हाय. चांगलं काय हाय, ते कुणी इचारलं न्हाई. मी दावायचो आन् ते काडून टाकायचे. आता वाटतंय, मी दावलेलं एक तरी कुणी ठिवून घ्यावं. एकच. मग बास."

इतकं लांब बोलणं मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. आपण या माणसाला करमणूक देतोय अशी माझी समजूत होती, आणि ते तर पोटातून काहीतरी मागत होते. त्या दिवसापासून मलाही तो एक ठिपका हवासा झाला.

पण आमची गाडी अडली ती काकांच्या शास्त्रावरच. शंका आली की जीव समजायचं! फोटोंत खोटे ठिपके पुष्कळ असतात. कॅमेऱ्याचा दोष असतो, कुठला तरी कण येऊन आदळलेला असतो. काका प्रत्येकावर बोट ठेवायचे. "पाठीव." मी म्हणायची, तीनच फोटोंत दिसतोय. "शंका हाय न्हवं? मंग पाठीव." त्यांचे पहिले काही ठिपके बरोबर निघाले होते, त्यामुळं मीही पुढं पुढं तपासायचा आळस करून पाठवत गेले. तो आळस माझा, त्याचा दोष त्यांना देणार नाही.

पावसाळ्याच्या सुरुवातीला फोटो पाठवणाऱ्यांचं पत्र आलं. भाषा सभ्य होती. तुमच्या गटाकडून येणाऱ्या नोंदींत चुकीच्या फार आहेत, त्या तपासण्यात आमचा वेळ जातो, यापुढं आणखी चुकीची नोंद आल्यास फोटो पाठवणं बंद करावं लागेल. मी ते काकांना मराठीत सांगितलं आणि सांगता सांगता माझा आवाज चढला.

"काका, हे धान्य नाही. इथं शंका आली की सोडून द्यायचं."

"सोडून म्हंजे? मारायचं?"

"मारायचं नाही. पाठवायचं नाही."

"एकच की."

"एकच नाही! फोटो बंद झाले तर तुमचा तो एक कुठून येणार?"

हे लागलं. ते उठून खाली गेले. दुसऱ्या दिवशी मी पुठ्ठ्यावर तीन नियम लिहून भिंतीला टांगले: चारही फोटोंत दिसला पाहिजे, सरळ रेषेत गेला पाहिजे, चाल सारखी पाहिजे. काकांनी ते दोनदा वाचले आणि पाळले. मनापासून पाळले. पण ज्या ठिपक्यावर शंका यायची आणि पाठवता यायचा नाही, तो बंद करायच्या आधी ते क्षणभर त्याच्याकडं बघून हात जोडायचे. सुरुवातीला मला हसू यायचं. मग मीही त्यांचे हात खाली येईपर्यंत माउस धरून थांबायला लागले.

असे दोन-अडीच महिने गेले. नवीन काही नाही आणि चुकीचंही काही नाही. गणपतीच्या तोंडावर फोटोंचा एक संच आला. काकांनी तो तीनदा फिरवायला लावला, मग कोपऱ्याशी एका फिक्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"ह्यो."

मला पहिल्या फोटोत काहीतरी धुरकट वाटलं. दुसऱ्यात त्याहून धुरकट. तिसऱ्यात तर तिथं काहीच नव्हतं, नुसता एक मोठा तारा होता. चौथ्यात परत धूर.

"काका, तिसऱ्यात नाही."

"मोठ्याच्या आड गेलाय. भाईर पडतोय बग चौथ्यात."

"पुठ्ठा बघा."

"पुट्टा बगितला. ह्यो जीव हाय, मॅडम. ह्यात शंका न्हाई." ते पहिल्यांदाच असं म्हणाले, शंका नाही.

मी म्हटलं, डोकं शांत ठेवून उद्या बघू. पण दुसऱ्या दिवशी काका फक्त निरोप द्यायला वर आले. भाद्रपदात जैनांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व असतं. त्या दहा दिवसांत ते एकवेळ जेवायचे, बस्तीत बसायचे, आणि टीव्ही, फोन, स्क्रीन कशाला म्हणून शिवायचे नाहीत. व्रत होतं ते, त्याला सवलत नव्हती. मुदत नेमकी त्या दहा दिवसांतच संपत होती.

"तू बग. दिसला तर पाठीव. न दिसला तरी पाठीव," असं म्हणून हसले. "पाठीवशील न्हवं?"

"हो," मी म्हणाले.

मी खरंच बघितलं. तीन संध्याकाळी बघितलं, खाली गणपती मंडळाचा स्पीकर वाजत होता. पंखा बंद केला, हात मागं घेतला, गप्प बसले. मला काही दिसलं नाही. धूर, धूर, काही नाही, धूर. नोंद लिहिली आणि पुसली. परत लिहिली. त्या पत्रातलं वाक्य डोळ्यांपुढून हलेना. आणखी एक चुकीची नोंद, की सगळं बंद. एवढंच असतं तर बरं होतं. खरं सांगायचं तर पुण्यात माझ्या दोन वर्षांच्या कामाला ज्यांनी चुकीचं म्हटलं होतं, त्यांचे चेहरेही आठवत होते. मला परत कुणाकडून चुकीचं ठरायचं नव्हतं. मुदतीच्या दिवशी मी कॉलेजात एक जादा तास घेतला आणि उशिरा घरी आले.

त्या दिवसांत काका जिन्यापाशी भेटायचे, पांढरं धोतर, उपासानं उतरलेला चेहरा. व्रतात व्यवहाराचं बोलायचं नाही म्हणून विचारायचे नाहीत, नुसते बघून हसायचे. पाठवलंय असं धरूनच चालले होते. मी खाली बघून जायची. मला माझी लाज वाटत होती.

पर्व संपलं की क्षमेचा दिवस येतो. घरोघर जाऊन, वर्षभरात काही दुखावलं असेल तर एकमेकांची क्षमा मागायची. सकाळी दार वाजलं. काका आणि मागं काकू. काकांनी हात जोडले.

"उत्तम क्षमा. वरीसभरात माज्याकडनं तुला त्रास झाला. त्या खोट्या नोंदी मी धाडाय लावल्या, तुला चार लोकांत मान खाली घालाय लागली. क्षमा कर, पोरी."

पंच्याहत्तरीच्या घरातला माणूस माझ्यापुढं हात जोडून उभा! मला रडूच फुटलं. "काका, मी पाठवलंच नाही. मला दिसला नाही. मी भ्याले. मला क्षमा करा."

काकांचे हात तसेच जोडलेले राहिले. "मुदत?"

"गेली. पाच दिवस झाले."

त्यांनी हात खाली घेतले. मग म्हणाले, "आजचा दिवस असला हाय की मागितली की द्यावी लागती. दिली." जिन्याच्या दोन पायऱ्या उतरले आणि वळले. "उद्या मागितली असतीस, तर बगितलं असतं."

पुढं चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. साडेअकरा वाजायचे आणि जिना रिकामा असायचा. काकू सांगायच्या, जेवतात, झोपतात, पण परात घेऊन बसत न्हाईत. ज्वारीचा डबा संपला तरी काका उठले नाहीत, शेवटी काकूंनीच घाईच्या हातानं ज्वारी निवडली. तेव्हा मला कळलं की मी नुसता ठिपका दडवला नव्हता, त्या माणसाच्या नजरेवर विश्वास नाही असं त्याला तोंडावर सांगितलं होतं. आणि तेही, आयुष्यात पहिल्यांदा ते 'शंका नाही' म्हणाले असताना.

चौथ्या दिवशी मी फोटो पाठवणाऱ्यांना पत्र लिहिलं. जे घडलं ते सगळं लिहिलं. ठिपका माझ्या सोबत्याला दिसला, मला दिसला नाही, तुमच्या इशाऱ्याला भिऊन मी तो पाठवलाच नाही, मुदत टळली. आता पाठवला तर चालेल का? आणि तो चुकीचा निघाला, तर त्याची जबाबदारी माझी, त्यांची नव्हे. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं. पाठवा. फोटो ज्या रात्री काढला तीच रात्र धरली जाते, उशिरा कळवल्यानं मोजमाप चुकीचं होत नाही. तिसऱ्या फोटोबद्दल कारण लिहा.

मी अनवाणी खाली धावले. काका पायरीवर होते. मी पत्र वाचून दाखवलं, मराठीत, एकदा आणि परत एकदा. त्यांनी मान वर केली नाही.

"पंखा बंद हाय का?"

"करते," मी म्हणाले आणि परत वर धावले.

त्या दुपारी त्यांनी मला तिसरा फोटो मोठा करायला लावला. "त्या मोठ्या ताऱ्याकडं बग. आता दुसऱ्या फोटूतला त्योच तारा बग. काय फरक?" मी बघितलं. दोन वेळा, पाच वेळा. "गडबड करू नगं," ते म्हणाले. आणि मग मला दिसलं. दुसऱ्या फोटोत तारा गोल होता. तिसऱ्यात त्याची उजवी कड किंचित फुगली होती. पहिल्यात गोल, चौथ्यात परत गोल.

"पोट आलंय बग त्याला," काका म्हणाले. "आत कुणीतरी हाय."

मी ओरडलेच. इतकी वर्षं शिकले आणि शिकवलं, पण स्वतःच्या डोळ्यांनी काहीतरी बघितल्याचा आनंद मला त्या दिवशी झाला. नोंदीत शोधणाऱ्याचं नाव लिहायचं असतं. मी काकांचं लिहिलं. काकांना इंग्रजी पोत्यांवरच्या छापांपुरतं येतं, पण तेवढं पुरलं.

"तुजं कुटाय?"

"काका, माझं कशाला? मी तर दडवून ठेवलं होतं."

"भ्यालीस, कबूल. पर पत्र कुणी लिवलं? लिव नाव."

मी लिहिलं.

महिन्याभरानं कळलं की नोंद प्राथमिक म्हणून धरलीय. दिवाळीनंतर दुसऱ्या दुर्बिणींच्या फोटोंतही तो सापडला, नेमका असायला हवा तिथं, आणि त्याला तात्पुरता क्रमांक मिळाला. आधी वर्ष, मग दोन अक्षरं, मग आकडे. आधी कुणी पाहिलेला नव्हता. मी जिन्यातूनच ओरडून सांगितलं. काकांनी काकूंना हाक मारली आणि म्हणाले, "ठिवून घेतला." काकूंना काय ठेवून घेतलं ते समजलं नाही, पण त्यांनी माझ्या हातावर साखर ठेवली. काका भिंतीकडं तोंड करून उभे राहिले, डोळे पुसले आणि मग एकदम व्यवहारी आवाजात विचारलं, "तात्पुरता म्हंजे? कायमचा कवा?"

इथं मला खोटं बोलता आलं असतं. पण एकदा दडवून मी शहाणी झाले होते. "काका, त्याची सूर्याभोवतीची फेरी नीट कळायला त्याला परत परत बघावं लागतं. मग पक्का क्रमांक, मग नाव. सहा-सात वर्षं जातात. कधी जास्तही."

"सात," काका म्हणाले. मान हलवली आणि आत गेले. मला वाटलं, झालं, आनंदात मीठ कालवलं मी. त्यांचं वय मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी काकू कधी नव्हे त्या जिना चढून वर आल्या, धापा टाकत. "काय सांगितलंस गं तू त्यास्नी?"

"का? काय झालं?"

"अगं, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू हाय त्यांच्या. पार पिकलाय. त्या डोळ्यानं काईबी दिसत न्हाई. दोन वर्सं डॉक्टर सांगतोय, पोरं सांगत्यात, मी सांगतोय, काडून टाका. ऐकत न्हाईत. ऱ्हायल्यात किती दिवस, एक डोळा पुरंल, असं म्हणायचे. आन् आज सकाळी मला न सांगता एकलेच मिरजंला गेले, आन् आपरेशनची तारीख घिऊन आले."

त्या पांढऱ्या रव्यातला तो धूर, ती फुगलेली कड, हे सगळं त्यांनी एका डोळ्यानं बघितलं होतं, आणि मी दोन डोळे घेऊन शेजारी बसले होते.

खाली गेले. काका परात मांडीवर घेऊन बसले होते.

"काका, डोळ्याचं मला कधी बोलला नाहीत!"

"बोलून काय? तू काडणार हुतीस व्हय?" त्यांनी एक दाणा कागदावर घेतला. "सात वर्सं त्याची वाट बगायची म्हंजे एका डोळ्यावर कसं भागंल? तवर दुसरं ठिपकं बी सापडाय पायजेत. येत्या बुधवारची तारीख हाय. काकू दवाखान्यात घाबरती. तू रजा टाक."

मी रजा टाकली.